चौथ्या भागातली किल्लीवाली

फुकट काम करणाऱ्या माणसांकडून काम करून घेणं काय असतं, ते मला विचारा. पगारी माणसाला निदान मेमो तरी देता येतो.

मी बस डेपोत ड्युट्या लावते. बावीस वर्षं झाली. दोनशे चाळीस ड्रायव्हर-कंडक्टर, तीन पाळ्या, कोणाची सुट्टी कधी, सुट्टीवर गेलेल्याची बदली कोण करणार, हे सगळं माझ्या हातचं. पहाटे साडेपाचला खिडकी उघडली की पहिली शिवी येते आणि दुपारी दीडला खिडकी लावेपर्यंत येतच राहते. मलाही शिव्या येतात, आणि चांगल्या येतात. पण एक गोष्ट कोणी माझ्या तोंडावर म्हणू शकत नाही. बावीस वर्षांत माझ्या तक्त्यात एकाही माणसाची साप्ताहिक सुट्टी राहून गेलेली नाही.

रविवारी दुपारी मी दातांच्या दवाखान्यात बसते. दवाखाना त्या दिवशी बंद असतो. वाट बघायच्या खोलीत दोन बाकं, मधे लांब टेबल, हवेत लवंगेच्या तेलाचा वास, आणि भिंतीवर किडलेल्या दाढेचं हातभर चित्र. त्या दाढेकडे तोंड करून बसायला कोणी तयार नसतं, म्हणून ती जागा माझी. तिथे आमच्या मोहिमेचं काम चालतं.

मोहीम म्हणजे खेळ आहे. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो सांगतो, तुम्ही जंगलात आहात, समोर पूल आहे, पुलावर कोणीतरी उभं आहे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात आणि सांगतात, आम्ही आता असं करतो. केलेलं जमलं की फसलं, ते फासा टाकून ठरतं. फाशाला वीस बाजू असतात. केरात सापडलेला तसला एक फासा मी दोनदा कचऱ्यात टाकला होता, तेव्हा घरात केवढा आरडाओरडा झाला. तर सूत्रधाराला हाताशी एक पुस्तक लागतं, कुठे कोण आहे, काय लपवलंय, कोण खोटं बोलतंय हे सांगणारं. असं सात भागांचं पुस्तक आम्ही सगळ्यांनी मिळून लिहायचं आणि जगाला फुकट द्यायचं, ही कल्पना माझ्या दिराची.

त्याला सगळे कप्तान म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि मी त्याच्या शर्टाची बटणं लावायची. आता छत्तीसचा आहे, घरी बसून कंपन्यांच्या जाहिरातींचा मजकूर लिहितो, लग्न केलं नाही, आणि बटणं अजून मीच लावते. बोलायला लागला की माणसं तोंडाकडे बघत राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यानं या खोलीत बारा माणसं जमवली, तासभर बोलला, टाळ्या घेतल्या आणि झोपी गेला. तीन महिन्यांनी सात भागांपैकी किती भाग तयार होते? शून्य. एकानं नाव सुचवलं होतं.

तेव्हा मी रजिस्टर घातलं. कोणता भाग कोणाकडे, कच्चं कधी, पक्कं कधी, नकाशे कधी. फोन करायला लागले. वहिनीचा फोन आला की लोक आंघोळीला जातात, हे मला माहीत आहे. आंघोळ किती वेळ चालते हेही मला माहीत आहे, मी वीस मिनिटांनी परत करते. हो, सगळे मला वहिनीच म्हणतात. दवाखान्याचा मालक एकसष्ट वर्षांचा आहे, तोही.

एक नियम मी घातला, त्यावरून बरीच तोंडं वाकडी झाली. लिहून झालेला प्रत्येक भाग परक्या माणसांनी खेळून बघायचा. खेळ चालू असताना लिहिणारा त्याच खोलीत बसेल, पण चकार शब्द काढणार नाही. चुकीचं समजलं तरी नाही, वाट चुकले तरी नाही. कारण पुस्तक लोकांच्या घरी जाईल तेव्हा लिहिणारा काही समजावून सांगायला बरोबर जाणार नाही. शेवटी खेळणाऱ्यांनी चिठ्ठी टाकायची, पुन्हा खेळू की नाही. निम्म्याहून जास्त हो आले नाहीत तर तो भाग बाद. दातवाल्या डॉक्टरांचा दुसरा भाग असा एकदा बाद झाला. ते चिडून लाल झाले, पण परत लिहिला, आणि तो चांगला झाला.

आता घरचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

सासूबाईंना अंग आखडण्याचा आजार आहे. गोळी घड्याळाच्या काट्यावर लागते. सकाळी आठ, दुपारी बारा, चार, रात्री आठ. पाच मिनिटं इकडची तिकडं झाली की आधी बोटं वळायला लागतात, मग जबडा. सकाळी आठची गोळी आमचे हे कामावर जाण्याआधी देतात, त्यांचं काम रविवारीही असतं. बाराची स्वयंपाकाच्या बाई जाता जाता देतात. चारची आणि रात्रीची माझी. त्यासाठी नऊ वर्षं मी पहाटेची पाळी धरून बसले आहे. मधे बढती आली होती, तिच्यात दुपारची पाळी होती, म्हणून तिच्यावर पाणी सोडलं. कप्तानाची खोली आणि आईची खोली यांच्यात एक भिंत आहे. दिवसभर तो भिंतीपलीकडे असतो. पण त्याला म्हणे आईला त्या अवस्थेत बघवत नाही. मला बघवतं. मी काय, बाहेरून आलेली.

दर रविवारी चाराला पाच कमी असताना मी पर्स उचलते, रस्ता ओलांडते, समोरच्या इमारतीत दुसरा मजला चढते, पिवळी गोळी अर्धी करून मधात चुरते, सासूबाईंच्या तोंडात घालते, त्यांची बोलणी खाते आणि वीस मिनिटांत परत येते. दोन वर्षांत त्या उठण्याकडे कोणी मान वर करून बघितलेलं नाही.

तर, चौथा भाग. तो एका मीटर वाचणाऱ्याकडे होता. तो स्वतःला कवी म्हणवतो, आम्हीही म्हणत होतो. आठ महिने त्यानं मला झुलवलं. आज देतो, उद्या देतो, शेवट सुचत नाहीये, शेवट सुचलाय पण सुरुवात बदलावी लागतेय. शेवटी एक दिवस त्यानं फोनच बंद करून टाकला. बाकीचे सहा भाग तयार आणि मधे खड्डा. रविवारच्या बैठकीत मी हे सांगितलं तर कप्तान खुर्चीत मागे रेलून म्हणाला, काळजी नको, चौथा मी लिहीन.

माझं डोकंच फिरलं. सातवा भाग लिहायला या माणसाला चौदा महिने लागले होते, तोही मी दाराबाहेर स्टूल टाकून बसले तेव्हा. मी म्हटलं, तू नको, माझ्याकडे लिहिणारं माणूस आहे. त्यानं विचारलं कोण. मी म्हटलं, त्याचं तुला काय करायचंय, भाग आल्याशी कारण.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि त्याला संशय आला. लहानपणापासून बघतोय मला. सगळ्यांसमोर, अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाला, "वहिनी, माणसं हाकणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. तुम्ही याद्या करा, ते तुम्हाला छान जमतं."

खोलीत दोघं-तिघं हसले. वाईट मनानं नाही हसले, पण हसले. मला इतका राग आला की कानात आवाज यायला लागला. मी म्हटलं, ठीक आहे, माझ्या माणसाचा भाग चिठ्ठ्यांमध्ये पडला तर रजिस्टर तुझं, मोहीम तुझी, मी पुन्हा या खोलीत पाऊल टाकणार नाही. आणि पास झाला तर याद्या आणि फोन तू करायचे, शेवटपर्यंत. तो हसत हो म्हणाला. त्याला वाटलं, सुटली ब्याद.

खरं सांगते, तोपर्यंत मी एक ओळही लिहिली नव्हती. मनात होतं, वर्षभर होतं, पण कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्या दिवसापासून मात्र तो भाग पास व्हावा असं मला इतकं वाटायला लागलं की झोप उडाली. पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांची कामं वेळेवर करून घेतेय. एक गोष्ट माझी असावी, माझ्या डोक्यातून निघालेली, आणि चार परक्या माणसांनी म्हणावं की ही चांगली आहे. बस. एवढंच हवं होतं, आणि ते भारी हवं होतं.

डेपोत जेवणाच्या सुट्टीत लिहिलं, जुन्या ड्युटी-तक्त्यांच्या पाठीवर. दीड महिना लागला. गोष्ट साधी. मिठागरांच्या मधोमध एक किल्ला आहे. त्यातल्या कोठारातून राजमुद्रेची पेटी सात दिवसांत बाहेर काढायची. कवीनं तिथे राक्षस घातला असता. मला राक्षस काय येत नाही. मला माणसं कुठे उभी करायची ते येतं. म्हणून मी किल्ल्याचा तक्ता लिहिला. एकतीस माणसं, दिवसाचे सहा टोले, सात दिवस. कोण कोणत्या दरवाजावर, कोणत्या टोल्याला कोण बदलतो, कोण दहा मिनिटं उशिरा येतो, गुडघे गेलेल्या पहारेकऱ्याला बुरुजावर चढवायचं नाही म्हणून तो खालच्या फाटकावर, ज्या दोघांचं बोलणं बंद आहे ते एका पाळीत नाहीत. सगळे पहारेकरी माझ्या डेपोतले. फक्त भाले दिले हातात. कुलपं उघडायला कोणीतरी लागतं म्हणून एक किल्लीवाली बाई घातली. तिच्याविषयी मी फारसा विचारही केला नाही.

माझं अक्षर सगळ्यांना पाठ आहे, म्हणून नकाशेवालीकडून टाइप करून घेतलं. ही पोरगी इमारतींच्या पाइपांचे आराखडे काढते आणि आमचे नकाशे. तोंडाची पक्की. तिनं वाचून मान हलवली आणि एवढंच म्हणाली की किल्ल्याचा नकाशा ती आजच सुरू करते. त्या आठवड्यात मी डेपोत एका ड्रायव्हरला न मागता सुट्टी दिली. तो घाबरून गेला.

चाचणीच्या रविवारी चार परके खेळाडू आले. लिफ्ट दुरुस्त करणारा एक दांडगा माणूस, झेरॉक्सच्या दुकानातली एक तरतरीत बाई, तिची धाकटी बहीण, आणि एक शिकवणी घेणारे मास्तर, जे फारसं बोलत नसत. सूत्रधार कप्तान. भाग त्याच्या हातात दोन दिवस आधी दिला होता. त्यानं तो वाचलेला नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत मला कळलं, कारण तो पानं उलटताना बोटाला थुंकी लावत होता. वाचलेली पानं माणूस तशी उलटत नाही. मी दाढेच्या चित्रासमोर बसले, तोंडाला कुलूप लावून. माझ्याशेजारी नकाशेवाली.

दीड वाजता सुरू झालं. अडीचपर्यंत मला कळून चुकलं की चाललंय. लिफ्टवाला टेबलावर पार ओणवा झाला होता. किल्ल्याच्या आचाऱ्याला लाच देऊन त्यांनी तक्ता मिळवला होता, आणि कप्तानानं माझा तक्ता जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवला. पेन्सिली निघाल्या. झेरॉक्सवालीनं उशिरा येणारा पहारेकरी हेरला. तिच्या बहिणीनं गुडघेवाला हेरला आणि म्हणाली, याला मारायचं नाही हं, बिचारा. मास्तरांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि म्हणाले की हे दोघं कधी एकत्र नसतात, यांचं भांडण असणार. दोन वर्षांत कोणत्या भागाला लोक असे भिडले नव्हते. मी मांडीवर हात घट्ट धरून बसले होते, नाहीतर टाळी वाजवली असती.

मग लिफ्टवाल्याची पेन्सिल थांबली.

तो एकेका रकान्यावरून बोट फिरवत खाली आला, परत वर गेला. म्हणाला, "ही किल्लीवाली बघा. पहिल्या टोल्याला फाटक, दुसऱ्याला कोठार, चौथ्याला वरच्या मजल्यावर म्हाताऱ्या किल्लेदाराला वाटी घेऊन, सहाव्याला सगळी कुलपं. सातही दिवस. हिला सुट्टी नाही."

झेरॉक्सवालीनं तक्ता ओढून घेतला. बाकीच्या तीस जणांच्या नावापुढे एकेक दिवस मोकळा होता, तिनं मोजून बघितला. किल्लीवालीच्या ओळीत नव्हता. "झोपते कधी ही?" तिनं विचारलं. तिची बहीण म्हणाली, झोपायची जागाही दिलेली नाही, सगळ्यांची आहे.

खरं होतं. एकतीस माणसांची सुट्टी मी लावली, असं मला वाटत होतं. तीसच लावल्या होत्या. दीड महिना रोज डोळ्यांखालून गेलेला तक्ता, आणि मला दिसलं नाही. मला. चूक झाली, पुढे चला, एवढं सांगायला माझी जीभ वळवळत होती, आणि नियम माझाच होता.

मास्तर शांतपणे म्हणाले, "माणूस असेल तर सुट्टी लागेल. म्हणजे ही माणूस नाही."

बाकीच्या तिघांचे डोळे चमकले. पिशाच्च. अर्थात. जिवंत माणसाला जमणारच नाही हे, तक्त्यातच लिहिलंय, काय हुशारीनं लपवलंय. चौघांनी कप्तानाकडे बघितलं. कप्तानानं दोन पानं पुढे उलटली, दोन मागे. तिथे काही नव्हतं, कारण मी काही लिहिलंच नव्हतं. पण तो अडकणारा नव्हे. आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही नीट बघितलंत तर लक्षात येतं. अंगणात सगळ्यांची सावली पडतेय. तिची पडत नाही."

हे त्यानं पदरचं घातलं. मी त्याच्याकडे अशी बघत होते की त्याला चटका बसायला हवा होता. त्याचं लक्ष नव्हतं.

मग त्यांनी बेत केला. पेटी राहिली बाजूला. जिन्याच्या वळणावर दबा धरायचा, चौथ्या टोल्याला. का, तर तेव्हा तिच्या दोन्ही हातांत वाटी असते, किल्ल्यांना हात घालता येणार नाही. झेरॉक्सवालीची ही कल्पना. हुशार बाई आहे, पुढे माझी तिच्याशी चांगली ओळख झाली, पण त्या क्षणी मला तिचं तोंड बघवेना. कप्तानानं सांगितलं, ती येतेय, पायऱ्या मोजत, वाटीतलं सांडू नये म्हणून खाली बघत. लिफ्टवाल्यानं फासा टाकला. वीसच्या वीस पडले. चौघं ओरडले. कप्तानानं तिची राख केली, अगदी सावकाश, एकेक बोट करून, वाटी पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली तो आवाजसुद्धा त्यानं टेबलावर नखांनी वाजवून दाखवला. मी बसून बघत होते. नकाशेवालीनं माझ्या मनगटावर हात ठेवला, तो मी झटकला.

पेटी मिळाली, सगळे मोकळे झाले. तेव्हा धाकट्या बहिणीनं विचारलं, "वरच्या म्हाताऱ्याचं काय? त्याला वाटी कोण देणार आता?"

कप्तानानं पानाकडे बघितलं आणि खांदे उडवले. "ते लिहिलेलं नाही."

चिठ्ठ्या उघडल्या. चारपैकी चार. असं आजवर एकाही भागाचं झालं नव्हतं. दातवाले डॉक्टर उठून उभे राहिले. लिफ्टवाला म्हणत होता की त्या बाईची कल्पना ज्याला सुचली त्याला भेटायचंय. आणि कप्तान, त्याला खरंच आवडलं होतं, लबाडी नव्हती त्यात. सगळ्यांकडे बघून तो म्हणाला की आख्ख्या मोहिमेतली ही सगळ्यांत भयंकर गोष्ट आहे. बाई केव्हाची मेलीय, आणि किल्ल्यात कोणाला पत्ता नाही, कारण कामं वेळेवर होतायत.

मी जिंकले होते. जे हवं होतं ते मिळालं होतं, चार परक्या माणसांकडून, लेखी. आणि तरी मला आनंद होत नव्हता, याची मला स्वतःचीच चीड आली.

चिठ्ठ्या झाल्या की लिहिणाऱ्याला बोलायची मुभा असते. मी म्हटलं, "तो भाग मी लिहिलाय. आणि ती पिशाच्च नाही. तिची सुट्टी लावायची राहिली. चूक आहे माझी."

डॉक्टर खाली बसले. लिफ्टवाला तक्त्याकडे बघत राहिला. कप्तानाचं तोंड थोडं उघडं होतं, मग मिटलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते समजूतदार हसू परत आलं. "मग चूक राहू द्या ना, वहिनी," तो म्हणाला. "तिच्यामुळेच तर भाग जमलाय." असं म्हणता म्हणता त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, तिथून माझ्या पर्सकडे. "आणि चार वाजत आलेत."

बघा. माझा भाग, माझी चूक, माझं जिंकणं, सगळं एका दमात बाजूला सारून तो मला घड्याळ दाखवत होता. त्यात दुष्टपणा नव्हता. दुष्टपणा असता तर मी सहन केला असता, डेपोत रोज करते. त्याला काही वाटतच नव्हतं. चाराला पाच कमी असले की वहिनी उठतात, जसा नळ सोडला की पाणी येतं.

मी रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. म्हटलं, हे तुझं, पैज हरलास, सोमवारपासून फोन तू करायचेस. मग तक्ता ओढला, लिफ्टवाल्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि किल्लीवालीच्या ओळीत रविवारच्या रकान्यात लिहिलं, सुट्टी. त्याखाली लिहिलं, बदली, कप्तान. आणि ते त्याच्यासमोर धरलं.

"ऊठ," मी म्हटलं. "तुझी ड्युटी लागलीय."

त्याला वाटलं मी खेळातलंच बोलतेय. हसला. मी हसले नाही. चाराला तीन कमी झाले. तो म्हणाला, वहिनी, आत्ता कुठे, सगळं मांडून ठेवलंय इथे, पाहुणे आहेत. मी बसून राहिले. चाराला दोन. त्याचा रंग उतरला. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की मी खरंच उठत नाहीये. त्यानं हळू आवाजात, लोकांना ऐकू जाऊ नये असं विचारलं, "कुठली गोळी?"

नऊ वर्षं. एक भिंत मधे. कुठली गोळी.

मी म्हटलं, कपाटाच्या दारावर कागद आहे, सगळं लिहिलंय. तो म्हणाला, आधी सांगायचंत ना. मी म्हटलं, "लिहिलेलं आहे. तू वाचलेलं नाहीस."

तो धावला. खुर्ची पडली, ती मास्तरांनी उचलली. मी खिडकीशी गेले आणि त्याला रस्ता ओलांडताना बघितलं. एक स्कूटर त्याच्यावर केवढ्यानं हॉर्न वाजवून गेली. खोटं कशाला सांगू, मला भीती वाटत होती. सासूबाईंची बोटं माझ्या डोळ्यांसमोर होती, वळायला लागलेली. दोनदा मी पर्सला हात लावला. गेले असते तर सहज पोचले असते, मला जिना अंधारातही येतो. नाही गेले. म्हातारीवर राग नव्हता माझा, तिचा काय दोष. राग त्या भिंतीपलीकडच्या नऊ वर्षांवर होता, आणि माझ्यावरही होता, मीच तर ड्युट्या लावणारी.

लिफ्टवाल्यानं फासे डबीत भरले, परत बाहेर काढले. झेरॉक्सवाली माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली की जिन्यावरची कल्पना तिची होती, सॉरी. मी म्हटलं, सॉरी कशाला, कल्पना चांगली होती.

पाचाला पंचवीस कमी असताना कप्तान परत आला. शर्ट घामानं भिजलेला, वरचं बटण तुटलेलं, बोटांना मध. टेबलाशी बसला, कोणाकडे न बघता.

"दिली," तो म्हणाला. "सात मिनिटं उशीर झाला. हात सोडवता येईनात तिचे. मग सुटले." थोडा वेळ तो मध पुसत राहिला, पुसला जाईना. "तिनं मला ओळखलंच नाही आधी. मग एकच विचारलं. म्हणाली, आज तू कसा? ती मेली का?"

कोणी हसलं नाही. मला मात्र हसू आलं, आवरेना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि ते पाणी नुसतं हसण्याचं होतं असं काही मी म्हणणार नाही.

"मग तू काय सांगितलंस?" मी विचारलं.

"काहीच नाही. काय सांगणार?"

मी डोळे पुसले. तक्ता अजून टेबलावरच होता. रविवारच्या रकान्यात बदलीखाली थोडी जागा होती, तिथे मी त्याच्या डोळ्यांदेखत लिहिलं, रात्री आठ.

"आठची पण तुझीच आहे," मी म्हटलं. "तेव्हा सांग, मेली नाही, सुट्टीवर आहे."